नववा किलोमीटर

नेमाण्णा चौगुले दर गुरुवारी कारस्थानं लिहायचा.
साप्ताहिकाचं शेवटचं पान, उजवी चौकट.
दुसऱ्या रेल्वे गेटचं खरं कारण:
गाडी येते म्हणून गेट पडत नाही ओ,
गेट पडलंय म्हणून कुठून तरी गाडी आणावी लागते.
कुंद्यात झोपेची पूड असते,
म्हणून तर कोर्टात तारखेवर तारीख पडली
तरी खडेबाजार दुपारी दोन ते चार निजतो.
गोवावेसच्या टपरीवर कुणीतरी मोठ्यानं वाचायचं
आणि चहा नाकातून यायचा.

मी पेंटर. पाट्या रंगवतो.
वर कानडी, खाली मराठी, जागा उरली तर.
मग कुणी येऊन खालचं पुसा म्हणतं, तेही मीच पुसतो.
एका नोव्हेंबरात सगळ्या गावाचं नाव बदललं
तेव्हा तीन महिने मला जेवायला फुरसत नव्हती.
त्यामुळे रात्रीत काहीतरी बदलतं, या गोष्टीला
मी इतरांएवढा हसत नसे.

मग त्यानं लिहिलं: वेंगुर्ला रस्त्यावरचा
नववा किलोमीटर चोरीला गेलाय.
सरकार रोज हातभर रस्ता उचलतं,
चटईसारखा गुंडाळून बेंगळूरला नेतं,
तिकडं कमी पडतोय म्हणून.

गुरुवारी गाव हसलं.
शनिवारी सुळग्याहून भरमा आला, सायकलवरून,
पिशवीत आजाच्या वेळचा उतारा.
म्हणाला, अण्णा, तुम्ही लिहिलंसा, बरं केलंसा.
आमचा आजा हेच म्हणायचा, रस्ता आखडलाय.
पूर्वी बाजारला जाईतो दोन बिड्या लागायच्या,
आता दुसरी अर्ध्यात विझवावी लागते.

नेमाण्णानं त्याला चहा पाजला.
मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.
ओठाचा डावा कोपरा, जिथून त्याचं हसू निघतं,
तिथून काहीच निघेना.

पुढं एकदा बाचीला पाटी ठोकायला
पहाटे निघालो, तर सुळग्याच्या अलीकडं
झाडाला टेकलेली त्याची लूना.
आणि रस्त्याकडेला गुडघ्यांवर नेमाण्णा,
हातात बायकोचा शिलाईचा टेप, दीड मीटरचा.
ठेवायचा, खूण करायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा.
ओठ हलत होते. चारशे बारा. चारशे तेरा.

मला बघून टेप खिशात.
"लेखासाठी," म्हणाला. "तपशील लागतो."
मग जरा वेळानं, आवाज उतरवून:
"पेंटर, या दगडावर आठ आहे. पुढच्यावर पण आठ.
त्याच्या पुढं थेट दहा.
मी हे बघून लिहिलं नव्हतं.
घरात, पंख्याखाली बसून लिहिलं होतं.
मग माझ्या डोक्यात हे घातलं कुणी?"

ते दगड मी रंगवलेत.
एप्रिलात, तीन दिवसांचं काम दीड दिवसात,
कंत्राटदार सावलीत, मी उन्हात,
हिरव्याचा डबा तळाला गेलेला.
कानडी आठ हाताला बसला होता, तोच परत उतरला.
कट नव्हता काही. भाकरी उशिरा आली होती.

सांगणार होतो, खरं
गुडघ्यांना खडी चिकटलेल्या माणसाला
एवढ्या पहाटे एवढं लहान कारण द्यायचं कसं?

आता टपरीवर पैजा लागतात,
नेमाण्णा मनातून हे सगळं मानतो काय नाही.
शेलार मास्तर म्हणतात, भुताची नक्कल इतकी हुबेहूब जमते
ती बघितल्याशिवाय नव्हे.
त्याची बायको म्हणते, माझा टेप कुठाय तेवढं सांगा.

परवा त्यानं नवा मजकूर आणला,
शुद्धलेखन बघ म्हणाला.
त्यात एक माणूस आहे. कुणाच्याच बाजूचा नाही.
दोन्ही भाषा वळणदार लिहितो.
रात्री पायी निघतो, आणि त्याच्या नखाच्या कडेला
हिरवा रंग आहे, रॉकेलनं न गेलेला.

मी हसलो. जरा जास्तच हसलो.
तो हसला नाही.
"छापू काय?" म्हणाला.

मी एक वेलांटी दुरुस्त केली
आणि हात टेबलाखाली घेतला.